माती समजून घेताना – १४ : ॲरिझोनातली चोपण

मागच्या आठवड्यात आपण नदीकाठच्या ताज्या गाळाच्या जमिनी पाहिल्या. दर पुराला वर नवा थर बसतो आणि चार हात खणलं तरी वाळू, पोयटा, पुन्हा वाळू असंच लागत जातं. आजची जमीनही गाळाचीच. पण तिच्यावरून पुराचं पाणी शेवटचं फिरलं त्याला हजारो वर्षं झाली. ओढ्यांनी पात्रं बदलली, खोल गेली, आणि हा जुना गाळ उंचवट्यावर तसाच राहिला. त्यानंतर त्याच्यात जे घडलं ते जागच्या जागी घडलं, थोड्याशा पावसाच्या आणि भरपूर धुळीच्या जोरावर.

ही माती अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातली. फिनिक्स आणि टूसॉन या शहरांच्या मधल्या सपाट मुलखात कासा ग्रांदे नावाचं गाव आहे. मातीच्या या प्रकाराला त्याच गावाचं नाव दिलेलं आहे आणि ॲरिझोनाची प्रातिनिधिक माती म्हणून हिचीच निवड झालेली आहे. पाऊस वर्षाला जेमतेम १५० ते २३० मिलिमीटर. थोडा हिवाळ्यात रिपरिप पडतो, थोडा जुलै ते सप्टेंबर गडगडाटासह कोसळतो. झाडोरा विरळ. क्रिओसोट नावाचं चिकट पानांचं झुडूप, खारट जमिनीत तग धरणारं सॉल्टबुश आणि मेस्किट. हे मेस्किट म्हणजे आपल्याकडे सगळीकडे माजलेल्या वेड्या बाभळीच्याच कुळातलं. हिवाळी पाऊस बरा झाला तर मधूनमधून हंगामी गवत उगवतं, त्यावर गुरं चरतात. वरवर पाहणारा याला ओसाड माळ म्हणेल. पण इथे खड्डा खणून उन्हाच्या बाजूची भिंत खुरप्याने साफ केली की बरंच काही दिसू लागतं.

सगळ्यात वर पातळ, फिकट पपडी. ती अलगद उचलून मोडली तर कडेला सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रं दिसतात. पावसाच्या सरीने कोरड्या मातीतली हवा आत कोंडली जाते, तिचे बुडबुडे वाळल्यावर तसेच राहतात. ही छिद्रं एकमेकांना जोडलेली नसतात, त्यामुळे त्यांतून पाणी खाली उतरत नाही. पपडीखाली थोडी रेताड माती, आणि तिच्याखाली एकदम रंग बदलतो. तांबूस, घट्ट, चिकण थर लागतो. वाळलेला असला की त्याला उभ्या भेगा पडतात, आणि कुदळ घातली तर त्याचे खांबासारखे उभे तुकडे निघतात. आणखी खाली तांबड्यात पांढरे ठिपके सुरू होतात. त्यांवर सौम्य आम्लाचे थेंब टाकले की फसफस होते. तो चुना.

ग्रॅनाइटसारखे खडक झिजून डोंगरावरून वाहून आलेल्या या गाळात इतकी चिकणमाती आली कुठून? दोनशे मिलिमीटर पावसात ती तयार होऊन हातभर खाली उतरून बसणं अवघड आहे. उत्तराचा एक भाग काळात आहे. हा गाळ साठला तो हिमयुगांच्या काळात. तेव्हा हा मुलूख आजच्यापेक्षा थंड होता, ओलही जास्त टिकायची. आजच्या वाळवंटाच्या पोटात त्या ओल्या हवामानाची कमाई पुरलेली आहे.

उत्तराचा दुसरा भाग सोडियममध्ये आहे. चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो. कॅल्शियमचे आयन दुहेरी धन भाराचे, म्हणून ते कणांना एकमेकांजवळ धरून ठेवतात. अशा मातीचे रवे बनतात आणि रव्यांमधल्या फटींतून पाणी झिरपतं. सोडियमचा भार एकेरीच, शिवाय त्याच्याभोवती पाण्याचं जाड वेष्टन. कॅल्शियमची जागा त्याने घेतली की कण सुटे होतात, थोड्याशा पाण्याबरोबर खाली सरकतात आणि फटी बुजवून टाकतात. हे घरीही पाहता येतं. अशा चोपण मातीचं लहानसं ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या पाण्यात अलगद सोडा आणि पेला हलवू नका. काही वेळात ढेकळाभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरतं आणि दुसऱ्या दिवशीही ते खाली बसत नाही. धरून ठेवण्याच्या जागांपैकी १५ टक्के किंवा त्याहून जास्त जागा सोडियमने बळकावल्या, तर जमीन चोपण धरतात. कासा ग्रांदे चोपण आहेच, वर खारवटही आहे.

हा सोडियम पावसाबरोबर येतो, धुळीबरोबर येतो, खडक झिजून सुटतो. दरवर्षीची भर नगण्य. पण पाऊस जास्त असलेल्या प्रदेशात क्षार धुऊन भूजलात आणि नदीत जातात. इथे पाणी हात-दोन हात उतरतं आणि तिथूनच मुळांवाटे, उन्हावाटे परत हवेत जातं. क्षार मागे राहतात. चुन्याचंही असंच. तो आधी खडकातूनच येत असावा, असा समज होता. अमेरिकेच्या मृदा संवर्धन खात्याने न्यू मेक्सिको राज्यात लास क्रूसेस गावाजवळ वर्षानुवर्षं वाळवंटी मातीचा अभ्यास केला, तेव्हा चुन्याचा नसलेल्या गाळातही चुना भरपूर सापडला. तो धुळीने आणि पावसाने आणलेला होता. या अभ्यासातले लीलंड गाइल आणि त्यांचे सहकारी यांनी १९६६ मध्ये चुना साठण्याच्या पायऱ्या मांडल्या. आधी बारीक धागे, मग गाठी, मग सगळ्या फटी बुजून झालेला सलग थर, आणि शेवटी त्याच्या डोक्यावर बसलेली पापुद्र्यांची टणक चादर. गाळ जितका जुना, तितकी वरची पायरी.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो पदार्थांचा क्रम. चुना पाण्यात जेमतेम विरघळतो म्हणून तो आधी थांबतो, जिप्सम त्याच्याखाली, आणि सहज विरघळणारे क्षार आणखी खाली. जमिनीत ओल सहसा कुठवर पोचते हे खड्ड्याच्या भिंतीवर असं खुणेनिशी वाचता येतं. वाळवंटात किती पाऊस पडला यापेक्षा तो किती खोल उतरला, याला जास्त महत्त्व आहे. पर्जन्यमापक तेवढं सांगू शकत नाही.

या चुनखडीच्या थराला तिकडे कॅलिचे म्हणतात. होहोकाम नावाच्या इथल्या जुन्या लोकांनी शेकडो वर्षं कालवे काढून मका आणि कापूस पिकवला. १३५० च्या सुमाराला त्यांनी कॅलिचेच्या चिखलाचे थरावर थर देत चार मजल्यांची इमारत उभारली. तिला सुमारे ३,००० टन चिखल लागला. साच्याशिवाय, हाताने रचलेल्या त्या भिंती आजही उभ्या आहेत. १८९२ साली अमेरिकी सरकारने त्या संरक्षित केल्या आणि १९३२ मध्ये वर लोखंडी छप्पर घातलं. आज मुळांना अडवणारा हा थर त्या लोकांना बांधकामाला उपयोगी पडला.

गुरांच्या दृष्टीने ही जमीन फार थोडं देते. मोठी सर आली तरी पपडीवरून आणि चिकण थरावरून बरंच पाणी वाहून जातं. सर कोसळूनही खालची मुळं कोरडीच राहतात. जनावरं वाढवणाऱ्यांना हे १८९१ ते १८९३ च्या दुष्काळात कळलं. दक्षिण ॲरिझोनात रानं गुरांनी खच्चून भरलेली होती, आणि त्या दोन-तीन वर्षांत निम्म्याहून जास्त गुरं मेली. अशा रानात गुरांची संख्या चांगल्या वर्षाचं गवत पाहून ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे.

पाणी दिलं तर मात्र ही माती पिकते. विहिरी आणि कालवे आल्यावर इथे कापूस आणि लसूणघास उभा राहिला. पण पाणी देण्यात एक मेख आहे. मातीत क्षार भरपूर असतात तोवर तेच चिकण कणांना थोडंफार एकत्र धरून ठेवतात. नुसतं गोडं पाणी सोडून क्षार धुतले तर सोडियम मागे उरतो, आणि जमीन आधीपेक्षा जास्त फुटून लोण्यासारखी बसते. म्हणून आधी जिप्सम घालायचा, त्यातल्या कॅल्शियमने सोडियमला हुसकायचं, मग पाणी देऊन तो मुळांच्या खाली उतरवायचा. नीरा, प्रवरा आणि कृष्णाकाठच्या ऊसवाल्यांना हा उपाय नवा नाही. फरक एवढाच की आपल्याकडे जास्तीच्या पाण्याने आणि निचरा न ठेवल्याने काही पिढ्यांत जे झालं, ते तिथे कालव्यांच्या कितीतरी आधी पाण्याच्या टंचाईने हजारो वर्षांत झालं.

ॲरिझोनातल्या या शेतीचं पाणी मुख्यतः जमिनीखालचं होतं आणि ते बेसुमार उपसलं गेलं. जवळच्या इलॉय परिसरात १९७७ पर्यंत जमीन काही ठिकाणी १२ फुटांहून जास्त खचली होती. शेतांतून, रस्त्यांतून लांबच लांब भेगा पडल्या. पुढे कोलोराडो नदीचं पाणी कालव्याने आलं, पण नदीचेच साठे आटले आणि २०२२ पासून या भागातल्या शेतीच्या वाट्यात मोठी कपात झाली. बरीच शेतं पडीक पडली. वाऱ्याबरोबर त्यांची धूळ उठते आणि फिनिक्स-टूसॉन महामार्गावर समोरचं वाहन दिसेनासं होतं.

सोडून दिलं की रान आपोआप परत येईल, अशी आशा इथे फोल ठरते. नांगराने वरची रेताड माती आणि खालची चोपण चिकण एक केलेली असते. सपाट केलेल्या वाफ्यात चर, खळगे, झुडपांचे बुंधे काहीच उरलेलं नसतं. पहिल्याच सरीने सगळा पृष्ठभाग लिंपल्यासारखा बंद होतो आणि बी वरच वाळून जातं. म्हणून असं शेत पुन्हा रानाला द्यायचं तर बियाण्याच्या आधी पाणी अडवावं लागतं. उताराला आडवे चर काढायचे, उथळ खळगे करायचे, त्यांत काटक्या पसरायच्या आणि मगच सॉल्टबुशचं बी टाकायचं. एवढं करूनही एखाद-दुसरं वर्ष पाऊस बरा व्हावा लागतो.

(पुढील आठवड्यात : चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी का पडतात?)