काम लिस्बनला, नजर पक्ष्यांवर

गोव्यातून अनेकजण लिस्बनला जातात ते जन्मनोंदणी वा नागरिकत्वाच्या कागदपत्रांसाठी, नाहीतर तेथे स्थिरावलेल्या मुलाबाळांना भेटण्यासाठी. अशा प्रवासात दोन कामांच्या मधला अर्धा दिवस बहुधा रिकामा सापडतो. पक्षिनिरीक्षणाला तेवढा वेळ पुरेसा असतो. त्यासाठी रान गाठावे लागत नाही. आपल्या अंगणातले चार पक्षी नीट ओळखता येत असले, की परक्या शहरातही सुरुवात करता येते.

एस्त्रेला उद्यानातील उंच झाडांवरून जो कलकलाट कानी पडतो, तो चक्क आपल्याच पोपटाचा. पिंजऱ्यातील पाखरू म्हणून तो युरोपात गेला, सुटला वा सोडला गेला आणि लिस्बनप्रमाणेच लंडन, ब्रुसेल्समध्येही त्याने संसार थाटला. कॅफेच्या मेजाखाली पावाचा चुरा टिपणारी चिमणीही आपल्याच जातीची. मैनेच्या बाबतीत मात्र फसगत होऊ शकते. काळा रंग, पंखांवर पांढरा डाग आणि चोचीच्या मुळाशी तुरा पाहून ती आपली जंगली मैना वाटते. पण हा तुरा अधिक ठसठशीत, चोच फिकट. ही मैना मूळची दक्षिण चीनकडची.

खरे वैभव तेजो नदीच्या मुखाशी आहे. ओरिएंत स्थानकावरून नदीकाठाने उत्तरेकडे चालत गेल्यास १९९८ मध्ये खुला झालेला, जोडरस्त्यांसह सुमारे १७ किलोमीटर लांबीचा वास्को द गामा पूल लागतो. ओहोटीला तेथे चिखलाचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो आणि हिवाळ्यात त्यावर रोहित पक्ष्यांचे थवे चरताना दिसतात. चोडणला जाताना मांडवीची ओहोटी न्याहाळलेल्या माणसाला हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. मात्र पूर्ण ओहोटीला पक्षी दूरवर पांगतात. भरती चढू लागली, की पाणी त्यांना काठाकडे लोटते. भरतीचे वेळापत्रक आधी पाहून तीच वेळ साधावी.

पलीकडच्या तीरावरील खाडीचा मोठा भाग १९७६ पासून संरक्षित आहे. जवळच्या भातखाचरांत जानेवारी-फेब्रुवारीत काळ्या शेपटीचे गॉडविट हजारोंच्या संख्येने उतरतात. पश्चिम आफ्रिकेकडून नेदरलँड्सकडे परतताना त्यांचा हा मोठा विसावा. या खाडीला लागूनच मॉन्तिजो येथे विमानतळ उभारण्याची योजना होती. पर्यावरणवाद्यांनी तिला कडाडून विरोध केला. अखेर २०२४ मध्ये सरकारने आल्कोशेतच्या जागेला पसंती दिली. मोपाचा वाद जवळून पाहिलेल्यांना या कथेत बरेच ओळखीचे सापडेल.

मोबाइलवरील 'मर्लिन' हे मोफत ॲप अनोळखी पक्ष्याचा आवाज व छायाचित्र यांवरून नाव सुचवते. ते निघण्यापूर्वीच उतरवून घ्यावे. छोटी दुर्बीण असल्यास उत्तम. विमानतळ वा लष्करी आवाराजवळ मात्र ती पिशवीतच राहू द्यावी.

मे ते जुलैदरम्यान जाणाऱ्यांनी चिखलापेक्षा आभाळाकडे पाहावे. जुन्या वस्तीच्या छपरांवरून किंचाळत घिरट्या घालणाऱ्या पाकोळ्या तेव्हा भरात असतात. त्यांतील काही जणी विणीचा काळ सोडल्यास सलग दहा महिने जमिनीला पाय न लावता उडत राहतात, असे स्वीडनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले आहे.