फॅक्टर वेळेवर मिळावा म्हणून

हिमोफिलिया असलेल्याला साधं खरचटलं तरी जीव जातो, असा समज आहे. खरा धोका बहुतेकदा आतल्या रक्तस्रावाचा असतो. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी आठवा फॅक्टर कमी असेल तर ‘हिमोफिलिया ए’, नववा कमी असेल तर ‘बी’. तीव्र आजारात हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली असतं. मग काही लागलेलं नसतानाही गुडघा, घोटा किंवा कोपर आतून रक्ताने भरतं. असं वारंवार झालं की सांधा कायमचा आखडतो.

उपाय माहीत आहे. कमी असलेला फॅक्टर शिरेतून द्यायचा, तोही होईल तितक्या लवकर. पण औषध महाग, आणि गावापासून दूर. ही अडचण सोडवायला आधी रुग्णच उभे राहिले. फ्रँक श्नाबेल या हिमोफिलियाग्रस्त कॅनेडियन उद्योजकाने 1963 मध्ये हिमोफिलियाचा जागतिक महासंघ स्थापन केला. त्यांचा जन्मदिवस, 17 एप्रिल, आज जागतिक हिमोफिलिया दिन म्हणून पाळला जातो. भारतात अशोक वर्मा यांनी, तेही स्वतः रुग्णच, 1983 मध्ये हिमोफिलिया फेडरेशनची सुरुवात केली. मुंबई-पुण्यासह देशभर तिचे ‘चॅप्टर’ आहेत. रुग्ण आणि त्यांचे आईवडील आपापला व्याप सांभाळून तिथे राबतात.

त्यांचं काम फक्त औषध मिळवून देण्याचं नाही. घरच्या घरी शीर शोधून इंजेक्शन द्यायला आईला शिकवणं, शाळेला आजार समजावणं, अ‍ॅस्पिरिन आणि स्नायूत दिली जाणारी इंजेक्शनं टाळायला सांगणं, हेही त्यांच्याकडेच येतं. तातडीच्या वेळी ‘आधी फॅक्टर, मग एक्स-रे’ हा आग्रहही त्यांनाच धरावा लागतो. सगळ्यांत नाजूक काम असतं आईच्या मनावरचं ओझं उतरवण्याचं. सदोष जनुक मुलाला आईकडून मिळणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असल्याने बोट तिच्या माहेराकडे जातं. प्रत्यक्षात सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी कोणालाच नसतो.

मात्र देणगीत मिळालेल्या फॅक्टरच्या कुप्यांवर आयुष्य काढता येत नाही. म्हणून या मंडळींनी सरकारदरबारी धरणं धरलं, अर्ज केले, न्यायालयांचे उंबरेही झिजवले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झाला, अनेक सरकारी रुग्णालयांत फॅक्टर मोफत मिळू लागला. आता मागणी आहे ती रक्तस्राव होण्याआधीच द्यायच्या नियमित उपचाराची. त्वचेखाली देता येणाऱ्या एमिसिझुमॅब या औषधामुळे ‘ए’ प्रकारात तो बराच सुकर झाला आहे.

मूल रांगू लागल्यावर अंगावर वारंवार काळेनिळे डाग दिसले, लसीच्या जागी मोठी गाठ आली, तर तेल चोळत बसू नये. एपीटीटी ही रक्त गोठण्याची चाचणी आणि गरजेनुसार फॅक्टरची तपासणी करून घ्यावी. निदान लवकर झालं, तर सांधे वाचवता येतात.