ब्रानचा किल्ला : जकातनाका ते ड्रॅक्युलाचा वाडा

रोमानियाच्या ट्रान्सिल्व्हेनिया प्रांतात, ब्राशोव्ह शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे ३० किलोमीटरवर ब्रान नावाचे गाव आहे. कार्पेथियन पर्वताच्या बुचेज आणि प्यात्रा क्रायुलुई या दोन रांगा येथे जवळ येतात आणि त्यांच्यामधून जुना व्यापारी रस्ता दक्षिणेला जातो. या रस्त्याच्या तोंडाशी, एका कातळावर लाल कौलांचा आणि उंच बुरुजांचा दगडी किल्ला उभा आहे. जगभरचे पर्यटक त्याला ‘ड्रॅक्युलाचा किल्ला’ म्हणतात. किल्ला मध्ययुगीन आहे, ड्रॅक्युला नावाचा राजाही खरोखर होऊन गेला आणि मेलेली माणसे उठून रक्त पितात ही समजूतही या भागात जुनीच. मात्र या तिन्ही गोष्टी मुळात वेगवेगळ्या आहेत. ब्रानमध्ये त्यांची गाठ पडली ती विसाव्या शतकात.

तेराव्या शतकात ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीच्या राज्यात होता. सीमेच्या रक्षणासाठी राजा दुसरा अँड्र्यू याने १२११ मध्ये हा मुलूख ट्युटॉनिक नाइट्स या जर्मन लढवय्या धर्मसंघाला दिला. संघ डोईजड होताच, १२२५ मध्ये, त्याला हाकलूनही दिले. आजच्या किल्ल्याचा आरंभ मात्र १३७७ चा. त्या वर्षी १९ नोव्हेंबरला राजा पहिला लुई याने ब्राशोव्हच्या सॅक्सन लोकांना, म्हणजे तेथे स्थायिक झालेल्या जर्मन व्यापारी-कारागिरांना, स्वखर्चाने आणि स्वतःच्या श्रमाने येथे दगडी किल्ला बांधण्याची परवानगी दिली. १३८८ पर्यंत बांधकाम पुरे झाले.

किल्ल्याकडे दोन कामे होती. दक्षिणेला वालाकियाचे स्वतंत्र संस्थान होते आणि त्यापलीकडून ऑटोमन तुर्कांची सत्ता पुढे सरकत होती, म्हणून खिंडीवर पहारा हवा होता. दुसरे काम वसुलीचे. ट्रान्सिल्व्हेनिया आणि वालाकिया यांच्यात ये-जा करणाऱ्या मालावर येथे तीन टक्के जकात घेतली जाई. लोकर, कातडी, मेण, मसाले, कापड घेऊन जाणाऱ्या गाड्यांना या कातळाखालून जाण्यावाचून इलाज नव्हता. किल्ल्याची जागा आणि त्याचा आटोपशीर आकार या कामावरूनच ठरला. ब्रान ही कोणा सरदाराची ऐषारामी हवेली नव्हती. तो तटबंदीचा जकातनाका होता. १४९८ मध्ये ब्राशोव्ह शहराने तो राजाकडून भाड्याने घेतला आणि १६५१ मध्ये तो कायमचा शहराच्या मालकीचा झाला.

ज्याच्या नावाने किल्ला आज प्रसिद्ध आहे, तो तिसरा व्लाड हा वालाकियाचा राजा. त्याचा जन्म १४३१ च्या सुमाराचा. वडील दुसरा व्लाड यांना १४३१ मध्ये सम्राट सिगिसमुंड याने ‘ऑर्डर ऑफ द ड्रॅगन’ या सरदारमंडळात घेतले. त्यावरून ते ‘द्राकुल’ म्हणजे ड्रॅगन म्हणवले जाऊ लागले आणि त्यांचा मुलगा तो ‘द्राकुलेआ’. आजच्या रोमानियन भाषेत द्राकुल या शब्दाचा अर्थ सैतान असा होतो. पुढच्या गैरसमजाचे एक मूळ येथे आहे.

व्लाड तीनदा गादीवर आला : १४४८ मध्ये थोडे दिवस, १४५६ ते १४६२ आणि अखेर १४७६ मध्ये. शत्रूंना आणि गुन्हेगारांना सुळावर चढवण्याच्या शिक्षेमुळे त्याला ‘त्सेपेश’, म्हणजे सुळी देणारा, हे नाव मिळाले. ब्राशोव्हच्या सॅक्सन व्यापाऱ्यांशी त्याचे व्यापारावरून आणि गादीच्या इतर दावेदारांवरून वैर होते. त्याने शहरावर स्वारी केली, आसपासची वस्ती जाळली आणि अनेकांना सुळी दिले. पंधराव्या शतकात छापखाने नुकतेच सुरू झाले होते. त्याच्या क्रौर्याच्या कथा जर्मन पत्रकांतून झपाट्याने पसरल्या. सुळांवरच्या प्रेतांच्या मध्ये बसून जेवणारा व्लाड हे त्यांतले गाजलेले चित्र. पत्रकांत अतिशयोक्ती पुष्कळ आहे, पण तो रक्त पितो किंवा मेल्यावर उठतो अशी लोककथा त्याच्याभोवती नव्हती. रोमानियन परंपरेत तो कठोर, तरी न्यायी आणि तुर्कांशी झुंजलेला राजा म्हणून ओळखला जातो.

ब्रानशी त्याचा संबंध क्षीण आहे. या खिंडीतून तो गेला असेल. त्याला काही काळ येथे कैदेत ठेवले होते असेही सांगतात, पण त्याला भक्कम पुरावा नाही. किल्ला त्याच्या मालकीचा कधीच नव्हता. उलट तो ज्या शहराच्या खर्चाने उभा राहिला, ते त्याचे वैरी होते. व्लाडचा खरा डोंगरी किल्ला म्हणजे आर्जेश नदीच्या खोऱ्यातला पोयनारी. तेथे पोहोचायला १,४८० पायऱ्या चढाव्या लागतात आणि वर उरले आहेत ते पडके तट.

मृत माणूस रात्री थडग्यातून उठून जिवंतांना छळतो, ही समजूत पूर्व युरोपच्या खेड्यांत खोल रुजलेली होती. रोमानियात अशा मृताला ‘स्त्रिगोय’ म्हणतात. त्याला दूर ठेवण्यासाठी दारे-खिडक्यांना लसूण चोळण्याची चाल होती. १७२५ मध्ये आणि १७३१-३२ मध्ये सर्बियातील खेड्यांत अशा मृतांच्या भीतीने लोकांनी थडगी उकरली. त्या वेळी तेथे ऑस्ट्रियाची सत्ता असल्यामुळे अधिकाऱ्यांनी आणि लष्करी वैद्यांनी अहवाल लिहिले आणि ‘व्हँपायर’ हा शब्द पश्चिम युरोपच्या वृत्तपत्रांत पोहोचला. उकरलेली प्रेते फुगलेली, तोंडाशी रक्त आलेली आणि नखे-केस वाढलेली दिसत. हे सारे कुजण्याच्या क्रियेने घडते : पोटातील वायूंमुळे शरीर फुगते, त्या दाबाने तांबूस द्रव तोंडावाटे बाहेर येतो आणि कातडी आकसल्याने नखे-केस लांब भासतात. १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपले वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन यांच्या सल्ल्यावरून प्रेते उकरण्याच्या आणि जाळण्याच्या प्रकारांना बंदी घातली.

भारतीय वेताळ यापेक्षा निराळा. तो दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो, कोडी घालतो, आणि रक्त पिणे हे काही त्याचे मुख्य लक्षण नाही. तरीही १८७० मध्ये रिचर्ड बर्टन यांनी वेताळ पंचविशीतील कथा इंग्रजीत आणल्या तेव्हा शीर्षकात वेताळासाठी ‘व्हँपायर’ हाच शब्द योजला.

राजाचे नाव आणि खेड्यांतली समजूत एकत्र आणली ती ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाने. त्याची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाली. स्टोकर ट्रान्सिल्व्हेनियात कधीच गेला नव्हता. १८९० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या व्हिटबी या किनाऱ्यावरच्या गावी असताना त्याने विल्यम विल्किन्सन यांचे वालाकिया आणि मोल्डेव्हियावरील पुस्तक वाचले. त्यातल्या तळटिपेत ड्रॅक्युला या शब्दाचा अर्थ सैतान असा दिला होता. आपल्या खलनायकाला ‘काउंट व्हँपायर’ म्हणण्याचा पहिला विचार त्याने सोडला आणि हे नाव उचलले. लोकसमजुतींची माहिती त्याला एमिली जेरार्ड यांच्या १८८५ च्या लेखातून मिळाली. कादंबरीतला किल्ला ब्रानला नाहीच. तो सुमारे २०० किलोमीटर उत्तरेला, बोर्गो खिंडीजवळ कल्पिलेला आहे.

मग ब्रान या कथेत आला कसा? १९३१ च्या हॉलिवूड चित्रपटाने ड्रॅक्युला घराघरांत नेला. १९७२ मध्ये रेमंड मॅकनली आणि राडू फ्लोरेस्कू या इतिहासकारांच्या पुस्तकाने कादंबरीतल्या काउंटचे व्लाडशी नाते ठळकपणे मांडले. पाश्चात्त्य पर्यटक रोमानियात येऊन ‘तो किल्ला’ विचारू लागले. पोयनारी पडका आणि चढायला अवघड. बोर्गो खिंडीत मध्ययुगीन किल्लाच नव्हता. ब्रान मात्र धडधाकट होता, मोठ्या शहराजवळ, सडकेला लागून होता आणि कड्यावरच्या बुरुजांमुळे पडद्यावरच्या किल्ल्यासारखा दिसत होता. पाहुण्यांना हवा असलेला किल्ला त्यांना ब्रानमध्ये सापडला. गंमत अशी की स्टोकरची कादंबरी रोमानियन भाषेत आली ती कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर, १९९० मध्ये.

किल्ल्याच्या आत गेल्यावर भेटतो तो ड्रॅक्युला नव्हे, तर राणी मारी. पहिल्या महायुद्धानंतर ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियात सामील झाला आणि १ डिसेंबर १९२० रोजी ब्राशोव्ह शहराने किल्ला राणीला भेट दिला. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची ही नात. दरबारी वास्तुविशारद कारेल लिमान यांनी १९२० ते १९२७ या काळात जुन्या जकातनाक्याचे उन्हाळी निवासस्थान केले. चौकातल्या ५७ मीटर खोल विहिरीचा उपयोग पुढे उद्वाहनासाठी करण्यात आला. राणी १९३८ मध्ये वारली. तिचे हृदय १९४० पासून काही दशके ब्रानमध्ये होते. २०१५ पासून ते पेलिशोर राजवाड्यात आहे. १९४८ मध्ये कम्युनिस्ट सरकारने राजघराण्याला देशाबाहेर घालवले आणि १९५६ पासून येथे संग्रहालय सुरू झाले. २००६ मध्ये किल्ला राणीच्या नातवंडांना परत मिळाला आणि २००९ पासून तो खासगी संग्रहालय म्हणून खुला आहे.

ब्राशोव्हहून बसने पाऊण-एक तासात ब्रानला पोहोचता येते. पायथ्याशी दुकानांची रांग असते. पेल्यांपासून सदऱ्यांपर्यंत सगळीकडे सुळे दिसतात. दगडी चढण चढून दारातून आत गेले की वातावरण पालटते. चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंती, लाकडी तुळया, ठेंगणे दरवाजे, कोनाकोनातून निघणारे अरुंद जिने आणि राणीचे कोरीव सामान असलेल्या बेताच्या आकाराच्या खोल्या. पहिला आणि तिसरा मजला जोडणारा, भिंतीत दडलेला दगडी जिना विसाव्या शतकातल्या दुरुस्तीच्या वेळी सापडला. पर्यटकांना आता त्यातूनच वर जावे लागते. व्लाड, स्टोकर आणि स्त्रिगोय यांची माहिती देणारी दालने वेगळी आहेत. वरच्या सज्जातून खाली खिंडीतली वाट दिसते. याच वाटेवरच्या गाड्यांकडून एके काळी शेकडा तीन घेतले जात. आता वसुली तिकीट-खिडकीवर होते आणि गर्दी ओढण्याचे काम ड्रॅक्युलाचे नाव करते.