दुरून पाहिलेली किल्लारी

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बोळवून मराठवाडा झोपी गेला होता. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी ही गावं तोवर जिल्ह्याबाहेर फारशी कुणाला ठाऊक नव्हती. पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला गेलेल्या इथल्या माणसांना आपल्याच गावांची नावं रेडिओच्या बातम्यांत ऐकावी लागली.

धक्का 6.4 रिश्टरचा. जगाच्या हिशेबात मध्यमच, तरी बळी गेले सुमारे दहा हजार. दख्खनचं पठार स्थिर समजलं जाई, त्यामुळे घर बांधताना भूकंप कुणाच्या मनातच नसे. दोन-तीन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावर मातीच्या जाड थराचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं.

पहिले दिवस ढिगारे उपसण्यात गेले. त्यानंतर मुलांचं काय, हा प्रश्न उभा राहिला. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे 1200 मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणलं. पुढे वाघोलीचा शैक्षणिक प्रकल्प त्यातूनच वाढला. ही मुलं दूर पुण्यात शिकत होती आणि तिकडे त्यांची गावं जागा बदलत होती.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य सरकारने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली 52 गावं नव्या जागी वसवायची ठरली. घर मिळणार ते जमीनधारणेप्रमाणे 250, 450 किंवा 750 चौरस फुटांचं. कागदावर हे सारं चोख होतं. प्रत्यक्षात चिंचोळ्या बोळांच्या, भावकीच्या दाट वस्तीच्या जागी रुंद रस्ते आणि शहरातल्या कॉलनीसारख्या सरळ रांगा आल्या. गाव ऐसपैस झालं. शेजार मात्र लांबला. जनावरं बांधायची कुठे, कडबा रचायचा कुठे, याचं उत्तर आराखड्यात नव्हतं. लोकांनी ते घरापुढे पत्र्याची शेड टाकून शोधलं.

जिथे पडझड कमी होती, तिथे वेगळी वाट धरली गेली. घरमालकाने टप्प्याटप्प्याने मदत घ्यायची आणि घर स्वतः दुरुस्त करायचं. यासाठी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने बाराशेहून अधिक गावांत बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. दगडी भिंतीत आरपार दगड का हवा, दारा-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा पट्टा का हवा, माळवदावरची माती कमी का करायची, हे त्या घरोघर समजावू लागल्या. 2001 मध्ये कच्छ हादरलं, तेव्हा या भागातल्या बायका अनुभव सांगायला गुजरातेत गेल्या, त्सुनामीनंतर तामिळनाडूतही. शेतीच्या बांधापलीकडे फारसं न गेलेल्या बायकांची ही मजल पुनर्वसनाच्या कोणत्याही इमारतीपेक्षा मोठी मानावी लागेल.

2002 मध्ये देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा सुधारला. सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडणारं किल्लारी तिसऱ्या क्षेत्रात आलं.

आज गावाकडचं घर बऱ्याचदा शहरातून पाठवलेल्या पैशावर उभं राहतं. गवंडी गावचा, देखरेख फोनवरून. तेव्हा सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब विचारताना आणखी दोन प्रश्न जरूर विचारा: भिंतीत सलग पट्टा घातला का, आणि कोपरे सळईने बांधले का?