पडद्यावरचे घर, आपले घर

मूल वाढवण्याचे शिक्षण सहसा कोणत्याही शाळेत मिळत नाही. आपण जसे वाढलो, तसेच बहुतेक आईवडील आपल्या मुलांना वाढवतात. मुलगा अभ्यासात मागे पडला की त्याच्यावर रागावणे, मुलगी प्रश्न विचारू लागली की तिला गप्प बसवणे, या गोष्टी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्यांत काही चुकत असेल अशी शंकाही येत नाही. घरातल्याच कोणी ती चूक दाखवली, तर वाद होतो. मात्र तेच वागणे पडद्यावरच्या एखाद्या वडिलांकडून घडले, तर त्यातला अन्याय चटकन ध्यानात येतो. गोष्ट दुसऱ्याच्या घरातली असल्यामुळे मन मोकळेपणाने विचार करू लागते. म्हणूनच चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका ही कुटुंबजीवनाच्या शिक्षणाची साधने होऊ शकतात.

‘तारे जमीं पर’ (२००७) या हिंदी चित्रपटातील इशान या मुलाला अक्षरे ओळखता येत नाहीत. ही त्याची अडचण आहे, आळस नव्हे, हे वडिलांना उमगत नाही आणि ते त्याला वसतिगृहाच्या शाळेत पाठवतात. इशानने काढलेल्या चित्रांची एक वही चित्रपटात येते. तिची पाने भराभर उलटली, की कुटुंबासोबत उभा असलेला मुलगा हळूहळू दूर जाताना दिसतो. इशानचे आईवडील दुष्ट नाहीत; त्यांना मुलाचे भलेच हवे आहे. हेतू चांगला असूनही मूल दुखावले जाऊ शकते, ही गोष्ट उपदेशाने पटणे अवघड असते. त्या वहीतील चित्रे ती एका शब्दाशिवाय पटवून देतात.

असे असले, तरी पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. याचा अनुभव ‘हम लोग’ या मालिकेने दिला. मेक्सिकोमध्ये १९७५ च्या सुमारास प्रौढ साक्षरतेसारख्या विषयांवर लोकप्रिय मालिका तयार झाल्या होत्या. तोच विचार पुढे ठेवून दूरदर्शनने ७ जुलै १९८४ पासून ‘हम लोग’चे प्रसारण सुरू केले. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही एका निम्न मध्यमवर्गीय कुटुंबाची कथा होती. मद्यपी वडील बसेसर राम, सारे काही मुकाट्याने सोसणारी आई भागवंती, आपापली वाट शोधणारी मुले आणि आजीआजोबा असे ते घर होते. प्रत्येक भागाच्या अखेरीस ज्येष्ठ अभिनेते अशोककुमार कथेतील प्रश्नाविषयी प्रेक्षकांशी दोन शब्द बोलत. प्रेक्षकही त्यांना पत्रे लिहीत.

भागवंतीचे हाल पाहून स्त्रियांनी निमूटपणे सोसण्याविषयी लोक विचार करतील, अशी निर्मात्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेक प्रेक्षकांना, त्यांत स्त्रियाही आल्या, भागवंती हीच आदर्श पत्नी आणि आदर्श माता वाटली. जे बदलावे म्हणून दाखवले, तेच अनुकरणीय ठरले. प्रत्येक माणूस आपल्या घरातील संस्कारांच्या नजरेतूनच पडदा पाहतो, हे यावरून स्पष्ट होते.

म्हणून पाहण्याइतकेच महत्त्व त्यानंतरच्या बोलण्याला आहे. घरी किंवा अभ्यासकेंद्रात एखादा प्रसंग एकत्र पाहावा आणि मग काही साधे प्रश्न विचारावेत. या प्रसंगात कोणाला बोलायला मिळाले आणि कोण गप्प राहिले? मुलाच्या मनात काय चालले असेल? वडिलांना दुसऱ्या कोणत्या रीतीने वागता आले असते? प्रश्न पात्रांविषयी असावेत. ‘तुम्हीही असेच वागता’ असे कोणी म्हटले, की संवाद संपतो आणि भांडण सुरू होते. मुलांचे म्हणणे आधी ऐकावे. मोठी माणसे आधी बोलली, तर मुले त्यांच्याच मताला मान डोलावतात. मालिकांमध्ये प्रेक्षकांना खिळवून ठेवण्यासाठी भांडणे आणि कारस्थाने वाढवून दाखवली जातात, याचेही भान ठेवावे.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्याच नावाचा चित्रपट काढला. पोहायला जाण्यास घाबरणाऱ्या श्यामला आई मारते, हा या कथेतील प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. मुलगा भित्रा राहू नये, ही आईची तळमळ एखाद्या आजीला त्यात दिसेल. तिच्याच शेजारी बसलेल्या नातवाला मात्र वळ दिसतील. दोघांचेही पाहणे खरे आहे. आजीने नातवाला ‘तुला काय वाटले?’ असे विचारले आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतले, तर त्या घरातील शिक्षणाला तेथूनच आरंभ होतो.