उरलेल्या तुकड्याची किंमत

चंद्रपूर, बल्लारपूर, मूल, ब्रह्मपुरी किंवा तिकडे आरमोरी, देसाईगंज, अहेरी. कोणत्याही गावच्या टेलरला धंद्याविषयी विचारा, उत्तर एकच मिळते. नवे कपडे शिवून घेणारे कमी झाले, लोक रेडिमेड घेतात, आता तर मोबाईलवरून मागवतात. ही तक्रार खोटी नाही. पण त्याच टेलरच्या दुकानात अर्धा तास बसून पाहावे. एक जण मागवलेली पॅन्ट घेऊन येतो, ती चार बोटे लांब झालेली असते. एक बाई ब्लाउज सैल करायला आणते. एका मुलाच्या दप्तराची चेन निघालेली असते. टेलर यातल्या एकाला "उद्या या" म्हणतो, दुसऱ्याला नाही म्हणतो आणि तिसऱ्याचे काम ओळखीपोटी फुकट करून देतो. त्याच्या लेखी हे काम कामच नसते.

खरे तर आज दुकानाचा उंबरठा चढून येणारे गिऱ्हाईक हेच आहे. या कामाचे बरेचसे ज्ञान आपल्या घरातच होते. आपल्या दादी-नानी आणि शेजारच्या आजीबाई ते कोणत्याही शाळेत न शिकता जाणत होत्या. त्या ज्ञानाची व्यवसायाच्या दृष्टीने थोडी उजळणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

टंचाईने शिकवलेला हिशेब

दुसऱ्या महायुद्धात कापड इतके महाग आणि दुर्मीळ झाले की १९४३ साली सरकारला कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा चांदा जिल्ह्यातच होता. तो वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. इंग्लंडमध्ये १९४१ पासूनच कपड्यांचे रेशनिंग होते. तिथल्या सरकारने १९४३ मध्ये जुने कपडे दुरुस्त करून कसे वापरावेत, याची पुस्तिका छापून काढली. मधोमध विरलेली चादर उभी फाडायची, दोन्ही बाजूंच्या शाबूत कडा मध्ये आणून जोडायच्या, ही त्या काळी तिथल्या गृहिणींना दिलेली एक मोठी सूचना.

आपल्याकडच्या बायकांना हे सांगावे लागले नाही. मराठीत या कामाला जुना शब्दच आहे: दंड घालणे. लुगडे नेहमी बसायच्या जागी आधी विरते. पदर आणि काठ शाबूत राहतात. विरलेला भाग कापून टाकायचा, उरलेले दोन तुकडे जोडायचे आणि जोड निऱ्यांत लपेल असे नेसायचे. दंडाचे लुगडेही विरले की त्याची बाळाची झबली आणि दुपटी होत, कारण पुष्कळ धुतलेले सुती कापड नव्यापेक्षा मऊ असते. त्यानंतर गोधडी, आणि शेवटी पोतेरे. एका कापडाचे असे चार जन्म होत. याला कंजुषी म्हणता येणार नाही, हा हिशेब होता.

कापण्याआधीच बचत

जुन्या हातांचा पहिला नियम असा, की सुती कापड पाण्यातून काढल्याशिवाय कात्री लावायची नाही. रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून मगच ते कापावे. शिवल्यानंतर आटलेला कपडा दुरुस्त होत नाही आणि बोल टेलरला बसतो.

दुसरा नियम मायेचा. शाळेचा गणवेश शिवताना बाजूच्या शिवणीत एक इंच आणि पॅन्टच्या किंवा स्कर्टच्या खाली तीन इंच माया दुमडून ठेवली, तर तोच गणवेश दुसऱ्या वर्षीही चालतो. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या आठवड्यात टेलरला श्वास घ्यायला सवड नसते, म्हणून माया सोडायचा कंटाळा केला जातो. पण माया सोडलेला गणवेश पुढच्या जूनमध्ये उसवायला तुमच्याच दुकानात परत येतो. म्हणजे आत ठेवलेले तीन इंच कापड हे पुढच्या वर्षीचे कामच असते.

तिसरी गोष्ट पेजेची. हा धानाचा मुलूख आहे. जॉर्जेटसारखे सुळसुळीत कापड कात्रीखाली सरकते आणि वाकडे कापले जाते. भाताची पातळ पेज गाळून त्यात ते बुडवावे, वाळवून हलकी इस्त्री करावी, म्हणजे कागदासारखे कापता येते. आधी एका कोपऱ्यावर करून पाहावे, म्हणजे डागाची भीती राहत नाही. शिवून झाल्यावर मात्र पेज धुऊन काढावी. खळ असलेला कपडा पेटीत ठेवला तर कसर लागते. जुन्या बायका पेटीत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवत, तो याच भीतीने.

खुणेसाठी खडू नसेल तर अंगाच्या साबणाची झिजलेली चकती घ्यावी. तिची धार बारीक असते आणि खूण पहिल्या धुण्यात जाते. रेशमावर मात्र ती वापरू नये.

सुई, दोरा आणि मेण

माझ्या नानीची सुया टोचायची गादी बाहेरून कापडाची आणि आतून केसांची होती. कंगव्यात निघालेले केस ती फेकत नसे, गादीत भरत असे. केसांच्या तेलामुळे सुईला गंज लागत नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत सुया चार दिवसांत काळ्या पडतात, तेव्हा ही युक्ती आजही कामाची आहे.

तिची दुसरी वस्तू म्हणजे मेणाचा गोळा. जंगलातला मध बाजारात येतो तसे पोळ्याचे मेणही मिळते. बटण लावायचा किंवा काज करायचा दोरा त्या मेणावरून दोनदा ओढला आणि बोटांत दाबून घेतला, की तो पिळत नाही, गाठ पडत नाही आणि जास्त टिकतो. अडकणाऱ्या चेनच्या दातांवरही मेण किंवा मेणबत्ती फिरवावी. बऱ्याच चेन बदलाव्या लागतच नाहीत.

मशीनच्या सुईबाबत काटकसर उलटी असते. पातळ कापडाला ९ किंवा ११ नंबर, साध्या शर्टिंगला १४, जाड कापडाला १६ आणि जीन्सला १८ नंबरची सुई लावावी. बोथट सुईने कापडाचे धागे ओढले जातात. काही रुपयांची सुई वाचवण्यासाठी गिऱ्हाइकाचा शेकडो रुपयांचा कपडा खराब करणे हा तोट्याचा व्यवहार आहे. दोराही कामाप्रमाणे घ्यावा. कोळसा खाणीत किंवा शेतात घामाने भिजणाऱ्या कपड्यांना पॉलिस्टर दोरा लावावा. ओल आणि घामाने सुती दोरा लवकर कुजतो.

दुरुस्तीच्या चार कामांविषयी

कॉलर उलटवणे : शर्टाची कॉलर मानेच्या घडीवर झिजते, बाकी शर्ट चांगला असतो. अशा वेळी कॉलर आणि पट्टी यांच्या मधोमध खूण करून फक्त त्यांच्यामधली शिवण उसवावी, कॉलर उलटी करावी आणि खुणेला खूण जुळवून परत बसवावी. झिजलेली बाजू खाली जाते. कापड अजिबात लागत नाही. उसवण्याआधी कॉलरची खालची बाजू त्याच कापडाची आहे ना, ते पाहून घ्यावे.

ठिगळ : ठिगळाचे कापड आधी धुतलेले असावे. जुन्या कापडावर नवे, न आटलेले कापड लावले तर पहिल्या धुण्यात ते आकसते आणि जुन्याला आणखी फाडते. ठिगळाचा उभा धागा मूळ कापडाच्या उभ्या धाग्याशी जुळला पाहिजे. सायकल चालवणाऱ्याच्या पॅन्टला बसायच्या जागी आणि मुलांच्या पॅन्टला गुडघ्यावर नवी असतानाच आतून अस्तर लावावे. फाटल्यावर लावलेल्या ठिगळापेक्षा ते जास्त टिकते.

रफू : रफूचा दोरा बाजारात शोधू नये, त्याच कपड्याच्या आतल्या मायेतून काढावा, रंग आणि जाडी दोन्ही आपोआप जुळतात. आरमोरी आणि नागभीड भागात टसर विणले जाते. अशा साड्यांना साधे ठिगळ शोभत नाही, रफूच करावे लागते. साडी फारच विरली असेल तर काठ सोडवून नव्या कापडावर लावून द्यावा. रेशीम साबणाच्या पावडरीत न टाकता रिठ्याच्या पाण्यात धुवावे, हेही गिऱ्हाइकाला सांगावे.

पोत्याची खोळ : धानाच्या रोवणीत बायका दिवस दिवस पावसात वाकून उभ्या असतात. खताच्या रिकाम्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खोचून डोक्यावर घ्यायची रीत जुनीच आहे. टेलरने तीच शिवून द्यावी. पोते आधी स्वच्छ धुवावे, कड दोनदा दुमडावी, १६ किंवा १८ नंबरच्या सुईने लांब टाक्याची शिवण घालावी आणि गळ्याशी नाडी लावावी. टाका बारीक घातला तर भोकाला भोक लागून पोते त्या रेषेवरच फाटते.

डागाळलेल्या पण मजबूत सुती कपड्यासाठी जंगलच रंग पुरवते. पळसाची फुले उकळून तुरटी घातली की पिवळा रंग येतो, मात्र तो उन्हात फिकट होत जातो. हिरड्याच्या काढ्यात भिजवलेले कापड गंजलेल्या खिळ्यांच्या पाण्यात बुडवले तर ते करडे-काळे होते. या पाण्याने कापड हळूहळू कमजोर होऊ शकते, म्हणून नंतर ते भरपूर पाण्यात खळबळून घ्यावे.

तुकडा ही अमानत आहे

वर सांगितलेली बरीचशी कामे एका गोष्टीवर अवलंबून आहेत. मूळ कापडाचा तुकडा हाताशी हवा. नेमके इथेच आपल्या धंद्याचे नाव खराब आहे. टेलर कापड ठेवून घेतो, हा संशय बहुतेक गिऱ्हाइकांच्या मनात असतो आणि तो नेहमीच निराधार असतो असे म्हणता येणार नाही.

मी लहान असताना एका दुकानात माझ्या ईदच्या कुडत्याचे कापड दिले होते. काही दिवसांनी त्याच कापडाची पिशवी त्याच दुकानात लटकलेली अम्मीने पाहिली. ती तिथे काही बोलली नाही. पण त्यानंतर आमच्या घरातले एकही कापड त्या दुकानात गेले नाही. हातभर कापडासाठी त्या माणसाने एका कुटुंबाचे पुढच्या वीस वर्षांचे काम गमावले.

कापड गिऱ्हाइकाचे असते, म्हणून उरलेला तुकडाही गिऱ्हाइकाचाच. तो अमानत आहे. कपडा देताना बोटभर कात्रण सोडून बाकीचे तुकडे आणि एक जादा बटण छोट्या पिशवीत घालून सोबत द्यावे आणि सांगावे, "हे जपून ठेवा, पुढे लागेल." एवढ्याने दोन गोष्टी होतात. विश्वास बसतो, आणि दुरुस्तीसाठी तो माणूस पुन्हा तुमच्याकडेच येतो. गिऱ्हाईक स्वतःहून "राहू द्या" म्हणाले तरच तो तुकडा आपला.

मजुरी कशी धरावी?

दुरुस्तीच्या कामात तोटा होतो तो उसवण्याचा वेळ न धरल्यामुळे. समजा, आठ तासांच्या कामाचे तुम्हाला ६०० रुपये सुटले पाहिजेत. म्हणजे तासाला ७५ रुपये, दर चार मिनिटांना ५ रुपये. पॅन्टची लांबी कमी करायला १२ मिनिटे लागली तर १५ रुपये झाले. कॉलर उसवायला १२ आणि बसवायला १२ मिनिटे लागली तर ३० रुपये. जुनी चेन काढून नवी बसवायला २८ मिनिटे लागली तर ३५ रुपये, शिवाय चेनची किंमत. आपापल्या गावाप्रमाणे आकडे बदलतील, रीत हीच ठेवावी. भाव पाटीवर लिहून लावावेत, म्हणजे ओळखीच्या माणसालाही संकोच वाटत नाही आणि आपल्यालाही.

प्रत्येक कपडा दुरुस्त करण्याजोगा नसतो. फाटलेल्या जागेच्या बाजूचे कापड दोन अंगठ्यांत धरून हलके ताणावे, उजेडाकडे धरून पाहावे. तिथेही धागा सुटत असेल तर पैसे न घेता कपडा परत करावा आणि कारण सांगावे. अशा नकारानेही गिऱ्हाईक जोडले जाते.

काम कुठे शोधावे, असेही कारागीर बंधू विचारतात. आठवडी बाजारात हाताने फिरवायचे मशीन घेऊन बसणाऱ्याला वीज लागत नाही आणि भाडेही फारसे पडत नाही. देसाईगंज-वडसा हे झाडीपट्टी नाटकांचे केंद्र आहे; दिवाळीनंतर मंडळ्या बाहेर पडतात. त्यांचे कपडे नटाप्रमाणे सैल-घट्ट करण्याचे काम तिथे विचारून पाहण्यासारखे आहे. गावात कपडे विकणारे जे रेडिमेडचे दुकान आपण शत्रू समजतो, त्याच्या मालकाशी बोलून लांबी-रुंदीचे काम ठरवून घेता येते.

दुरुस्ती हे हलके काम आहे, ही समजूत मात्र मनातून काढावी लागेल. उत्तर भारतातले अनेक दर्जी आपला धंदा हजरत इदरीस (अलै.) यांच्यापर्यंत नेतात आणि स्वतःला इदरीसी म्हणवतात. प्रेषित मुहम्मद (स.) घरी स्वतःचे कपडे शिवत आणि जोडा दुरुस्त करत, असे हजरत आयेशा (रजि.) यांच्या कथनातून आपल्याला माहीत आहे. मग फाटके सांधण्यात आपल्याला कमीपणा का वाटावा?

दादी-नानींच्या हातचे हे ज्ञान अजून काही घरांत शिल्लक आहे. ज्यांच्या घरी अशी वडीलधारी बाई असेल, त्या टेलर बंधूने एखाद्या दुपारी तिच्याजवळ बसावे, जुनी गोधडी उलटी करून पाहावी आणि टाका कसा घातला ते विचारावे. शिकण्याला पैसे पडणार नाहीत, आणि शिकलेले दुसऱ्या दिवशी दुकानात कामाला येईल.