डाव्या कोपऱ्याचं बक्षीस

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उलटला की आपल्या मंडळाच्या पोटलकमध्ये एक ठरलेला वाद सुरू होतो. कॉलेज फुटबॉलचा नेहमीचा मोसम संपलेला असतो, ऑल-कॉन्फरन्स संघांच्या याद्या लागलेल्या असतात आणि पुलाव गार होईपर्यंत मुलं भांडत बसतात. आपला अमका फर्स्ट टीममध्ये का नाही? तमका थर्ड टीमवर का ढकलला? आईबाबांच्या पिढीला यातलं फारसं कळत नाही, म्हणून आधी त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉन्फरन्स म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. मोसम संपला की त्या गटातले प्रत्येक जागेवरचे उत्तम खेळाडू निवडायचे आणि त्यांचा पहिला, दुसरा, कधी तिसराही संघ जाहीर करायचा. हा संघ मैदानात कधीच उतरत नाही. तो फक्त कागदावर असतो. पण खेळाडूच्या नावापुढे तो मान जन्मभर राहतो.

मतं कोण देतं, यावरही भांडण असतंच. साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये प्रशिक्षक मत देतात, पण स्वतःच्या खेळाडूला देता येत नाही. बिग टेनमध्ये प्रशिक्षकांची यादी वेगळी आणि पत्रकारांची वेगळी. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की वादाला आणखी जोर चढतो.

मला मात्र हा वाद ऐकताना जोयडा आठवतं.

माझं आजोळ उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात. जुनी माणसं अजून ‘सुपा’ म्हणतात. मूळ सुपा गाव काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं, तिथली बरीच घरं रामनगरला येऊन वसली. तालुका अवाढव्य, जंगल दाट, काळी व्याघ्र प्रकल्पाचा मोठा भाग इथलाच. आणि माणसं? २०११ च्या जनगणनेत सगळ्या तालुक्याची मिळून जेमतेम बावन्न हजार. एका वाडीपासून दुसरी वाडी दोन डोंगर पलीकडे. घरात कोकणी, भजनात मराठी, कचेरीत कन्नड. भात कापून, मळून घरात आलं की डिसेंबर-जानेवारीत गावोगावी कबड्डीच्या स्पर्धा लागतात. माती भिजवून, चोपून केलेलं मैदान, चार खांबांवर दिवे, आणि माइकवर अखंड बोलणारा एक उत्साही इसम.

काही वर्षांपूर्वी सुट्टीत गेलो असताना मामाने मला गुणलेखकाच्या टेबलावर बसवलं. ‘तू इंजिनिअर ना? मग लिही आकडे.’ माझ्या बी.ई.चा माझ्या आजोळला झालेला हा पहिला प्रत्यक्ष उपयोग. मामा स्वतः तरुणपणी उजवा कोपरा खेळायचा. आता गुडघे गेले आहेत, पण पंचांच्या खुर्चीमागे उभा राहून तो सगळी स्पर्धा चालवतो.

बारा संघ, दोन रात्री, हरला तो घरी. पहिल्या रात्री जंगलातल्या एका वाडीचा संघ उतरला. पायात बूट नाहीत, जर्सीवर एकाच माणसाने रंगवलेले नंबर. त्यांचा डावा कोपरारक्षक असेल अठरा-एकोणीस वर्षांचा. पहिल्याच सामन्यात त्याने सहा पकडी केल्या. घोट्यात हात घालायचा आणि चढाई करणारा निदान रेषेकडे वळायच्या आत त्याला खाली बसवायचा. दुसऱ्या सामन्यात, म्हणजे उपांत्यपूर्व फेरीत, त्याच्या नावावर तीनच पकडी लागल्या. संघ चार गुणांनी हरला आणि टेम्पोत बसून रात्रीच निघून गेला.

दुसऱ्या रात्री अंतिम सामना झाला. विजेत्या संघाच्या उजव्या कोपऱ्याच्या नावावर चार सामन्यांत तेरा पकडी. ‘उत्कृष्ट पकड’चं बक्षीस कोणाला द्यायचं, यावर रात्री एकला टेबलाभोवती पाच माणसं जमली. मी कागद पुढे केला. चार सामन्यांत तेरा म्हणजे सामन्याला सव्वातीन, दोन सामन्यांत नऊ म्हणजे साडेचार. शाळेचे गुरुजी म्हणाले, ‘पण दोन सामन्यांवरून काय ठरवायचं? पहिला संघ अगदीच कच्चा होता.’ म्हणणं खोटं नव्हतं. ज्यांनी ढाल दिली होती ते म्हणाले, ‘घरी गेलेल्या पोराला बक्षीस कसं देणार? फोटोला तरी कोण उभं राहील?’ हेही एका परीने खरंच होतं.

मग मामा बोलला. ‘अरे, दुसऱ्या सामन्यात त्याच्याकडे गेलंच कोण? पहिल्या सामन्यात सगळ्यांनी त्याला बघितलं की. मग सगळे दुसऱ्या बाजूला खेळत राहिले.’

हे माझ्या कागदावर कुठेच नव्हतं. कोणीतरी तो सामना मोबाइलवर घेतला होता. दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसून मी तो पुन्हा पाहिला आणि प्रत्येक चढाई कुठल्या बाजूला झाली ते लिहून काढलं. समोरच्या संघाच्या एकतीस चढायांपैकी त्या पोराच्या बाजूला फक्त आठ. उरलेल्या तेवीस चढायांत त्याने अर्धं मैदान नुसतं उभं राहून राखलं होतं. त्याचा एकही गुण त्याला मिळाला नाही, कारण गुणपत्रिकेत न घडलेल्या गोष्टींचा रकाना नसतो.

इथे अमेरिकन फुटबॉल पाहणारी मुलं लगेच मान डोलावतील. तिथेही ‘कॉर्नर’ असतो, कॉर्नरबॅक. तो इतका चांगला असेल की क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला चेंडूच फेकत नाही, तर त्याच्या नावावर इंटरसेप्शन लागणार कुठून? आकड्यांवरून मत देणाऱ्याला तो मोसमभर झोपला होता असं वाटेल. त्याच्यासमोर खेळलेला प्रशिक्षक मात्र त्याचं नाव पहिलं लिहील. प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांच्या मताला किंमत आहे ती याच कारणाने. मला वाटतं, कबड्डीत हा घोटाळा अधिक मोठा आहे. पकडीचा गुण लागतो तो बहुतेकदा एकाच्या नावावर. कोपऱ्याने घोटा धरला, मध्यरक्षकाने धडक दिली, साखळीने वाट अडवली, तरी कागदावर एकच नाव चढतं.

व्यावसायिक खेळातही हा प्रश्न सुटलेला नाही. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात चढाईचे सर्वाधिक, २७६ गुण दिल्लीच्या आशू मलिकने मिळवले. पण सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला तो पुणेरी पलटणचा कर्णधार, आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. त्याचे चढाईचे गुण आशूपेक्षा कितीतरी कमी. १ मार्च २०२४ ला पुण्याने हरियाणाला २८-२५ असं हरवून विजेतेपद घेतलं, तेव्हा पुण्यात कोणाची तक्रार नव्हती. दिल्लीतल्यांचं काय म्हणणं होतं ते वेगळं सांगायला नको. क्रिकेटमध्ये २०२३ च्या विश्वचषकानंतर आयसीसीने स्पर्धेचा संघ जाहीर केला, त्यात सहा भारतीय होते आणि ट्रॅव्हिस हेड नव्हता. उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांचा सामनावीर तोच! हात मोडल्याने सुरुवातीचे सामने तो खेळला नव्हता. थोडे सामने पण अफाट खेळ, की सगळे सामने आणि सातत्य? आमच्या टेबलावर रात्री एकला नेमका हाच प्रश्न होता.

आता कोणी म्हणेल, गावची स्पर्धा, हातभर उंचीची ढाल, एवढं काय त्याचं? सांगतो. अंतिम सामन्याच्या रात्री पहिल्या रांगेत एका कॉलेजचे फिजिकल डायरेक्टर बसले होते. आपल्याकडचे पी.टी.चे सर, त्यांना कर्नाटकात असं म्हणतात. पुढच्या वर्षीच्या संघासाठी ते पोरं हेरत होते. उत्तर कन्नडमधली पदवी कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची. कॉलेजच्या संघात आलात तर विभागीय सामने, तिथे दिसलात तर विद्यापीठाचा संघ, आणि त्या संघात गेलेल्याला ‘युनिव्हर्सिटी ब्लू’ म्हणतात. आपल्याकडच्या ऑल-कॉन्फरन्सचं सगळ्यांत जवळचं भावंडं हेच. फरक इतकाच की अमेरिकेतला संघ कागदावर राहतो आणि आपला गाडीत बसून आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. विद्यापीठ क्रिकेटमध्येही रोहिंटन बारिया करंडकात खेळणाऱ्यांतून विभागाचे संघ निवडून विझी करंडक खेळवण्याची पद्धत आहे. असा खेळाडू पोलीस, रेल्वे, बँक अशा नोकऱ्यांच्या क्रीडा कोट्यापर्यंत पोहोचू शकतो. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल.

सर त्या रात्री दोन नावं लिहून घेऊन गेले. दोन्ही अंतिम सामन्यातली. पहिल्या रात्री ते आलेच नव्हते. तीस-चाळीस किलोमीटर जंगलातून रात्री दोनदा येणार कोण? त्यांना दोष नाही. डाव्या कोपऱ्याचा तो पोरगा पी.यू.सी. झालेला होता. जूनमध्ये तो गोव्याला एका कारखान्यात कामाला लागला. आमच्या भागातली निम्मी तरुण पोरं तशीच जातात.

निवडणारा जंगलापर्यंत येणं याला इथे मोल आहे, हे या जिल्ह्याने एकदा पाहिलंय. १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियाने खास योजनेखाली सिद्दी मुलामुलींना धावण्या-उड्यांच्या प्रशिक्षणासाठी निवडलं. मूळ आफ्रिकेतून आलेला हा समाज जोयडा, हल्याळ, यल्लापूर या भागांत राहतो. तेव्हा ‘यांचं शरीर असं, म्हणजे हे धावणारच’ असा हिशेब होता आणि तो मला आजही खटकतो. पण माणसं आली, त्यांनी पाहिलं, मुलांना बाहेर नेलं. काही वर्षांत योजना गुंडाळली आणि मुलं घरी परतली. पुढे बऱ्याच काळाने ती पुन्हा सुरू झाली.

पुढच्या वर्षी मी मामाला अमेरिकेतली पद्धत समजावून सांगितली. एक ‘उत्कृष्ट खेळाडू’ नेमला की ते बक्षीस दहातल्या नऊ वेळा चढाईपटूच नेणार, कारण सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. त्यापेक्षा जागेप्रमाणे निवडू. डावा कोपरा डाव्या कोपऱ्याशी, मध्यरक्षक मध्यरक्षकाशी. सात जणांचा पहिला संघ, सात जणांचा दुसरा. मत प्रत्येक संघाच्या कर्णधाराचं, हरून जाणाऱ्यांनी जाण्याआधी चिठ्ठी टाकायची, आणि स्वतःच्या गावाला मत नाही.

‘चौदा ढाली कोण देणार? तुझा अमेरिकेचा बाप?’ मामाने विचारलं.

‘ढाल नको. कागद द्यायचा.’

‘आणि कर्णधारांनी आपसांत ठरवून टाकलं म्हणजे? पाव्हण्या-पाव्हण्यांतच तर सगळे संघ आहेत.’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. हाइजमन ट्रॉफीवाल्यांनी देशाचे सहा विभाग पाडून प्रत्येकात १४५ पत्रकारांना मत दिलं आहे, म्हणजे एकाच भागाची मक्तेदारी नको. आमच्या तालुक्यात एवढे पत्रकार आणायचे कुठून? शेवटी कर्णधारांच्या चिठ्ठ्या आणि तीन पंचांची मतं एकत्र मोजायची ठरलं. गुणपत्रिकेत मी दोन रकाने वाढवले. एक पकडीत साथ देणाऱ्याचा, दुसरा चढाई कुठल्या बाजूला झाली त्याचा. दुसरा रकाना भरायला एक वेगळा मुलगा बसवावा लागतो आणि सामना रंगला की तो लिहायचं विसरून ओरडायला लागतो. तरी चाललंय.

वाद थांबले, असं मुळीच नाही. पहिल्याच वर्षी एका गावाने ‘आमचा मध्यरक्षक दुसऱ्या संघात कसा?’ म्हणून पहाटेपर्यंत चहा पीत भांडण केलं. पण दुसऱ्या संघातल्या सातांपैकी चौघे पहिल्याच रात्री हरलेल्या गावांचे निघाले. फिजिकल डायरेक्टर सर यंदाही शेवटच्या रात्रीच आले. त्यांनी माइकवाल्याकडून यादी मागून घेतली आणि मोबाइलवर तिचा फोटो काढला.

यंदा डाव्या कोपऱ्याचा तो पोरगा दोन दिवसांची रजा काढून गोव्याहून आला होता. दोन सामने खेळला, पकडी चार. पाच कर्णधारांनी त्याचं नाव लिहिलं आणि तो पहिल्या संघात आला. यादी वाचून झाल्यावर विजेत्या गावचा एक म्हातारा टेबलापाशी आला आणि कागदावर बोट ठेवून म्हणाला, ‘चार पकडींत पहिला नंबर? आमच्या पोराच्या दहा आहेत.’

मामाने त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवलं, रकान्यांचा तो दुसरा कागद पुढे ओढला आणि म्हणाला, ‘बसा अण्णा. चहा सांगतो.’